घोड्यांच्या जागी सायकली

‘शोले’मधला आगगाडीवरचा दरोडा पनवेल-उरण लोहमार्गावर चित्रित झाला. पडद्यावर काही मिनिटांत संपणाऱ्या या प्रसंगाला सात आठवड्यांहून जास्त काळ लागला. धावती गाडी, तिच्या दोन्ही अंगांनी उधळलेले घोडे, रुळांवर रचलेले ओंडके, इंजिनाची वाफ, हे सगळं ७० एमएमच्या रुंद पडद्याला पुरेल अशा थाटात टिपलं गेलं. पंचवीस वर्षांनी, २००० साली, मालेगावच्या शेख नासिर यांनी ‘मालेगाव के शोले’ काढला. त्यांच्याकडे आगगाडी नव्हती आणि घोडेही नव्हते. मग आगगाडीच्या जागी बस आली, आणि दरोडेखोर सायकली हाणत तिच्या मागे लागले.

मी भिवंडीत इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. वर्गात घरी मराठी बोलणारी मुलं असतात, पद्मनगरकडची तेलुगू घरांतली असतात, वंजारपट्टी नाक्याकडची उर्दू बोलणारी असतात. विडंबन शिकवायची वेळ आली की मी आधी या दोन सिनेमांबद्दल बोलते. फळ्यावर मधोमध रेघ मारायची, डावीकडे ‘मूळ’ आणि उजवीकडे ‘नक्कल’ असं लिहायचं, आणि काय गेलं, त्या जागी काय आलं ते मुलांकडूनच वदवून घ्यायचं. घोडे गेले, सायकली आल्या. गाडी गेली, बस आली. चारदोन ओळी झाल्या की वर्ग हसायला लागतो, आणि मग माझा खरा प्रश्न येतो: आपण नेमकं कशाला हसतो आहोत?

या प्रश्नाचं उत्तर भिवंडीत बसून शोधणं मला फार जवळचं वाटतं. भिवंडी आणि मालेगाव मुंबई-आग्रा रस्त्यावर एकमेकांपासून सुमारे सव्वादोनशे किलोमीटरवर आहेत, आणि दोन्ही गावं यंत्रमागावर जगतात. माझे बाबा लूमवर जॉबर होते. माग बिघडला की तो चालू करून देणारा तो जॉबर. इथले कितीतरी साधे माग मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले होते. १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला, तेव्हा गिरण्यांचं बरंच काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीकडे वळलं. गिरणीनं टाकलेला माग इथल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभा राहायचा. त्याचा सुटा भाग बाजारात मिळत नसे. मग बाबा दुसऱ्या कुठल्या तरी यंत्राचा तुकडा कानशीनं घासून तिथं बसवायचे, आणि कापड निघायचं. मालेगावचा सिनेमा मी त्या मागासारखा बघते. मुंबईनं घडवलेली गोष्ट, हाताशी असलेल्या तुकड्यांनी पुन्हा चालू केलेली.

आधी मूळ सिनेमाकडे बघू. ‘शोले’चं चित्रीकरण ऑक्टोबर १९७३मध्ये बंगळूरूजवळच्या रामनगरात सुरू झालं. दिग्दर्शक रमेश सिप्पी, निर्माते जी. पी. सिप्पी, लेखक सलीम-जावेद, छायाचित्रकार द्वारका दिवेचा, संगीतकार राहुल देव बर्मन. खडकाळ माळावर रामगड हे अख्खं गाव उभं केलं ते कलादिग्दर्शक राम येडेकर यांनी, आणि संकलन केलं ते माधव शिंदे यांनी. त्या वर्षी फिल्मफेअरच्या नऊ विभागांत या सिनेमाला नामांकनं होती, पुरस्कार मात्र एकच मिळाला, तो शिंदे यांना. खर्च तीन कोटींच्या घरात गेला. १५ ऑगस्ट १९७५ला सिनेमा लागला आणि मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात पाच वर्षं चालला.

यात विडंबनासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट गाण्यांची नाही, संवादांची आहे. पॉलिडॉर कंपनीनं ‘शोले’च्या संवादांची तबकडी बाजारात आणली आणि ती तुफान खपली. ज्यांनी सिनेमा पाहिला नव्हता त्यांनाही तो कानानं पाठ झाला. पानाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात, गणपतीच्या आवाजयंत्रणेवर ‘शोले’तला डाकू गब्बर बोलत होता. विडंबनाला लागणारी जमीन तयार झाली ती इथं. वाचणाऱ्याला किंवा बघणाऱ्याला मूळ पाठ असावं लागतं, नाहीतर बदललेली जागा त्याला दिसणारच नाही. आचार्य अत्र्यांनी केशवकुमार या नावानं ‘झेंडूची फुले’ लिहिली, तेव्हा त्यांनी ज्यांची नक्कल केली ते कवी आणि त्या काव्याची वळणं वाचकांच्या ओठावर होती. आणि अत्र्यांना स्वतःला वृत्तावर पक्की हुकमत होती. छंद मोडला असता तर ती नुसती टिंगल झाली असती.

मालेगावकडे ही दोन्ही भांडवलं होती. प्रेक्षकाला ‘शोले’ पाठ होता आणि करणाऱ्याला तो दृश्यागणिक ठाऊक होता. शेख नासिर व्हिडिओ पार्लर चालवत. आजच्या मुलांना पार्लर म्हटलं की केस कापायचं दुकान आठवतं, म्हणून सांगते. एक अंधारी खोली, समोर टीव्ही, त्याखाली व्हीसीआर, बसायला बाकडी, आणि दोन-चार रुपयांचं तिकीट. भिवंडीतही लूमच्या वस्त्यांत अशी पार्लरं होती. बारा तासांची पाळी उरकून, बिस्सीत, म्हणजे कामगारांच्या खाणावळीत, जेवून कामगार तिथं जाऊन बसत. मालेगावात शुक्रवारी लूम बंद असतात, त्यामुळं सिनेमाचा दिवसही तोच. पार्लर चालवणारा माणूस एकच सिनेमा पुन्हा पुन्हा बघतो, आणि लोक कुठं हसतात, कुठं विडी पेटवतात, कुठं उठून बाहेर जातात तेही बघतो. हे शिक्षण कुठल्या संस्थेत मिळत नाही.

नासिर यांनी लग्नं टिपायच्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर सिनेमा काढला. खर्च पन्नास हजार रुपयांच्या आसपास. कलाकार गावातलेच, पोटापाण्याचा धंदा सांभाळून येणारे. संकलन दोन व्हीसीआर जोडून केलं. ते कसं होतं ते समजून घेतलं की या लोकांची ताकद कळते. एका यंत्रावर मूळ टेप चालवायची, दुसऱ्यावर कोरी टेप रेकॉर्डला लावायची. हवं ते दृश्य सुरू होतं त्या क्षणाला बटण दाबायचं, संपतं त्या क्षणाला थांबवायचं. मग टेप पुढंमागं करून पुढचं दृश्य शोधायचं आणि त्याच्या शेपटाला अचूक जोडायचं. मध्ये एखादं दृश्य लांब झालं असं नंतर वाटलं, तर तिथून पुढचं सगळं पुन्हा करायचं. शिवाय टेपवरून टेपवर उतरवताना चित्र प्रत्येक वेळी थोडं पुसट होतं. शिंदे यांच्यासमोर संकलनाचं टेबल आणि कापता-जोडता येणारी फिल्म होती. मालेगावात बोटांचा अंदाज होता. विनोदाचं निम्मं यश योग्य क्षणी थांबण्यात असतं, आणि तो क्षण या माणसांनी बटणावर अंगठा ठेवून पकडला.

आता दोन्ही सिनेमे शेजारी ठेवू.

सायकलींचा पाठलाग का हसवतो? नुसत्या सायकली दाखवल्या असत्या तर कुणी हसलं नसतं. दरोडेखोरांचा आवेश तोच आहे, बस लुटायचीच हा निश्चयही तोच आहे, फक्त घोड्याची ताकद आता त्यांच्या स्वतःच्या पोटऱ्यांतून यायची आहे. मोठा हेतू आणि तोकडं साधन यांच्यातलं अंतर आपल्याला हसवतं. मात्र सायकलवरच्या माणसानं क्षणभरही ‘बघा, मी गंमत करतोय’ असं चेहऱ्यावर दाखवायचं नाही. तो खराच दरोडेखोर राहिला पाहिजे. नासिर यांना चार्ली चॅप्लिन आणि बस्टर कीटन यांचे मूकपट फार आवडतात. कीटन आपल्या चेहऱ्यावरची रेषही हलू देत नसे, आणि म्हणूनच त्याच्या आजूबाजूला कोसळणारं जग विनोदी होई.

माझ्या वर्गातल्या एका मुलानं यावर फार नेमकं बोट ठेवलं. तो म्हणाला, “टीचर, घोडा कुणाकडेच नसतो. सायकल पप्पांकडे आहे.” मूळ सिनेमातला दरोडेखोर त्या मुलाच्या जगात नव्हताच, सायकलवरचा दरोडेखोर त्याच्या गल्लीत राहतो. विनोदी पुनर्निर्मिती हे काम करते. ती दूरची गोष्ट ओढून आपल्या दारात आणते आणि त्या ओढाताणीत आपलं गाव पडद्यावर उमटतं. ‘शोले’मधलं रामगड नकाशावर कुठंच नाही, तिथली हिंदीही कुठल्या एका मुलखाची नाही. मालेगावच्या सिनेमातली माणसं मात्र मालेगावचीच बोली बोलतात. गावातल्या प्रेक्षकाला आपल्या गल्लीतला आवाज पडद्यावरून ऐकू आला, हे त्या सिनेमाच्या यशामागचं मोठं कारण आहे असं मला वाटतं. तिथं तो धो धो चालला.

मग खलनायक. ‘शोले’नं गब्बरची भीती किती काळजीनं रचली आहे ते आठवा. आधी चेहरा दिसत नाही. खडकावर वाजणारे बूट दिसतात, दगडावरून घासत जाणारा पट्टा दिसतो. अमजद खान यांचा तो लष्करी पोशाख मुंबईच्या चोरबाजारातला. मालेगावात या गब्बरचा झाला रबर सिंग. एका नावासरशी भीतीतली हवा निघून गेली. पण हा बदल कुठून सुरू झाला ते बघण्यासारखं आहे. राज खोसला यांच्या ‘मेरा गांव मेरा देश’ या १९७१च्या सिनेमात गावाला छळणाऱ्या डाकूचं नाव जब्बर सिंग होतं आणि त्याच्याशी लढणारा नायक ‘शोले’त वीरू झालेला धर्मेंद्रच होता. त्याआधी १९५०च्या दशकात चंबळच्या खोऱ्यात गब्बर सिंग नावाचा खराखुरा डाकू होऊन गेला, पोलिसांची नाकं-कान कापणारा. म्हणजे खऱ्या गब्बरपासून जब्बर, मग सिनेमातला गब्बर, आणि शेवटी रबर. मुळाचंही एक मूळ होतं. भाडोत्री शूरांनी गाव वाचवायचं ही कल्पना अकिरा कुरोसावा यांच्या १९५४च्या ‘सेव्हन सामुराई’तून जगभर फिरत आली. जपानचं खेडं अमेरिकेत ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’मध्ये मेक्सिकोचं झालं, रामनगरात रामगड झालं आणि मालेगावात मालेगाव झालं. मग नासिर यांच्याच सिनेमाला नकलेचं लेबल का लावायचं? फरक आहे तो प्रामाणिकपणाचा. विडंबन आपलं मूळ लपवत नाही, ते नावातच सांगून टाकतं.

‘शोले’नं स्वतःही हेच केलं आहे. असरानींचा तो इंग्रजांच्या जमान्यातला जेलर आठवा. मिशी हिटलरची, हातात पृथ्वीचा गोल, आणि त्यामागं चॅप्लिनचा १९४०चा ‘द ग्रेट डिक्टेटर’. हात तोडलेल्या ठाकूरच्या करुण कथेत हा जेलर मजेत वावरतो, सूरमा भोपाली फुशारक्या मारतो, वीरू पाण्याच्या टाकीवर चढून गावाला वेठीला धरतो. सूड आणि हसू एकाच पडद्यावर नांदू शकतं हे ‘शोले’नं आधीच सिद्ध केलं होतं. मालेगावनं त्यातल्या हसण्याचा धागा पकडला आणि शेवटपर्यंत विणला.

सगळ्याच गोष्टींना मात्र हा हात लागत नाही. सायंकाळी ओसरीवर एकेक दिवा मालवत जाणारी विधवा राधा आणि समोर माउथ ऑर्गन वाजवणारा जय, हा प्रसंग घ्या. सूर्यास्तानंतरचा तो ठरावीक उजेड रोज थोडाच वेळ मिळायचा, म्हणून या छोट्या प्रसंगाला वीस दिवस लागले असं सांगतात. त्यात संवाद नाही, आरडाओरड नाही, पकडून ताणायला काही नाही. विडंबनाला मोठा आवाज लागतो, ठसठशीत आकार लागतो. गप्प बसलेल्या विधवेपुढं त्याचं काही चालत नाही. मुलांना मी हेही सांगते, कारण एखाद्या प्रकाराची मर्यादा कळल्याशिवाय तो प्रकार कळला असं होत नाही.

बाईचा विषय निघाला आहे तर थांबते, कारण फळ्यावरच्या दोन रकान्यांत मला सगळ्यात जास्त बोचते ती ही ओळ. ‘शोले’तल्या टांगेवाल्या बसंतीची झाली बासमती. नाव ऐकून वर्ग खदखदून हसतो. पण या सिनेमांसाठी नायिका मालेगावबाहेरून आणावी लागायची, कारण गावातल्या घरांतून मुलीला कॅमेऱ्यासमोर उभं राहू देत नसत. लूमवाला, दुकानदार, मेकॅनिक, कुणीही पुरुष हौस भागवून घेऊ शकला. मागासाठी सुताची कांडी भरणारी बाई नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, “मग त्या गावातल्या मुली काय करत होत्या, टीचर?” मी तिला सांगितलं की बहुतेक घरात बसून ऐकत असतील. तिनं वहीत काहीतरी लिहिलं. या सिनेमांवर माझं प्रेम आहे, म्हणूनच ही उणीव मी हसण्यावारी नेणार नाही. घोड्याच्या जागी सायकल आणणं ही कल्पकता आहे. मुलीच्या जागी परगावची मुलगी आणावी लागणं ही अडवणूक आहे.

आता एक तिसरा सिनेमा बघू, म्हणजे विनोदाचं मोल कळेल. ३१ ऑगस्ट २००७ला ‘राम गोपाल वर्मा की आग’ लागला. हाही ‘शोले’चाच नवा अवतार, पण गंभीर. गब्बरच्या जागी अमिताभ बच्चन, ठाकूरच्या जागी मोहनलाल. पैसा होता, तंत्र होतं, नावाजलेले नट होते. सिनेमा साफ पडला. पुढं २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं स्वामित्वहक्काचा भंग झाल्याचं ठरवून दहा लाख रुपयांचा दंडही केला. गंभीर नक्कल मुळाशी स्पर्धा करते. प्रेक्षक प्रत्येक चौकटीत जुन्याशी ताडून बघतो आणि नवं उणं पडत जातं. विनोदी नकलेत हे ताडून बघणंच आनंदाचं असतं. कमी पडणं हा तिथं दोष नसून तोच खेळ आहे. मूळ आपल्यापेक्षा मोठं आहे हे विडंबनकार आधीच मान्य करतो आणि त्या मान्यतेतून मोकळा होतो. आपल्या तमाशातल्या गौळणीत मावशी आणि पेंद्या कृष्णाची फिरकी घेतात. तेच प्रेक्षक पहाटे काकडआरतीला उभे असतात. हसण्यानं देव लहान होत नाही, जवळचा होतो.

नासिर यांनी पुढं ‘मालेगाव का सुपरमॅन’ केला. शेख शफीक हा लूमवर काम करणारा काटकुळा तरुण सुपरमॅन झाला आणि तंबाखूच्या खलनायकाशी लढला. क्रेन म्हणून बैलगाडी वापरली, कॅमेरा फिरवायला सायकल, आणि उडण्याच्या दृश्यासाठी मागे हिरवं कापड. फैजा अहमद खान यांनी या चित्रीकरणावर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. तो देशोदेशी गाजला आणि २०१२ मध्ये आपल्याकडच्या चित्रपटगृहांत आला. तोवर शफीक तोंडाच्या कर्करोगानं गेला होता. २००६ आणि २००८च्या बॉम्बस्फोटांनी ज्या गावाचं नाव देशाला कळलं होतं, त्याची दुसरी ओळख या माणसांनी करून दिली. मग २०२५च्या फेब्रुवारीत रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ आला. निर्मात्यांत झोया आणि फरहान अख्तर आहेत, ‘शोले’ लिहिणाऱ्या जावेद अख्तर यांची मुलं. मूळ लिहिणाऱ्याच्या घरानं नक्कल करणाऱ्याची गोष्ट सांगितली, याहून मोठा मान विडंबनाला काय मिळणार?

तरीही मला एक काळजी वाटते. मोठ्या शहरांतला प्रेक्षक मालेगावच्या सिनेमाकडे कौतुकानं बघतो, पण त्या कौतुकात ‘बिचारे, एवढ्याशा पैशांत किती खटपट’ असा सूर असतो. गिरणीतले साहेब बाबांच्या कामाला जुगाड म्हणत आणि हसत. बाबांना ते आवडत नसे. कारण तुकडा घासून बसवायला आधी अख्खा माग डोक्यात असावा लागतो. ‘मालेगाव के शोले’ करणाऱ्यांच्या डोक्यात अख्खा ‘शोले’ होता, प्रत्येक कोन, प्रत्येक थांबा. त्यांच्या गरिबीचं कौतुक करण्यापेक्षा त्यांच्या अभ्यासाचा आदर करावा असं माझं म्हणणं आहे.

आणि आदर म्हणजे जपणूक. जून २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्या शहरात ‘शोले’ची नव्यानं दुरुस्त केलेली प्रत दाखवली गेली. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरनं बदलायला लावलेला मूळ शेवट, ठाकूर गब्बरला स्वतःच्या पायांनी संपवतो तो, तिच्यात परत आला. पन्नास वर्षांनी असं होऊ शकलं, कारण फिल्मच्या रिळांचा शोध घेणारे, त्यांवर पैसा आणि मेहनत खर्च करणारे लोक होते. व्हिडिओ टेपला एवढा अवधी मिळत नाही. तिच्यावरचा चुंबकीय थर झडतो, आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी धरते, आणि ती चालवायला व्हीसीआरही आता सापडत नाही. पुण्यात १९६४पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. मालेगावच्या, आणि अशा प्रत्येक गावाच्या, घरगुती सिनेमांच्या पहिल्या टेप तिथं मूळ कलाकृती म्हणून जायला हव्यात, त्यांच्या करणाऱ्यांच्या नावांसह. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीतल्या महाविद्यालयांनी हे काम आधी आपल्या गल्लीपासून सुरू करावं. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या जुन्या माणसांना भेटावं, पार्लर चालवलेल्यांना बोलतं करावं, कपाटांच्या तळाशी काय आहे ते विचारावं. यंदा माझ्या वर्गाला सुट्टीचा गृहपाठ मी हाच दिला आहे.